गरोदरपण, ओपिऑइड आणि बाळाची मज्जासंस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गरोदर बाईसाठी आहे, तसंच तिच्या नवऱ्यासाठी, आईसाठी, सासूसाठी आणि घरोघर जाणाऱ्या आशाताईंसाठीही. सगळं वाचायला आत्ता वेळ नसेल तर निदान एवढं वाचा: तुम्ही रोज ओपिऑइड घेत असाल आणि दिवस गेल्याचं कळलं, तर घाबरून आजच्या आज सगळं बंद करू नका. आधी डॉक्टरांना गाठा. का, ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

ओपिऑइड म्हणजे नेमकं काय काय?

अफूच्या बोंडातल्या चिकापासून निघणारी, किंवा त्याच धर्तीवर कारखान्यात बनवलेली औषधं आणि नशेचे पदार्थ. अफू, मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन, आपल्याकडे ज्याला गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतात ते, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल, ऑक्सिकोडोन, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन हे ओपिऑइड नव्हेत. गांजा, दारू, तंबाखूही नव्हेत. त्यांचे गर्भावरचे परिणाम वेगळे आहेत.

घोळ होतो तो जोडगोळ्यांमध्ये. कंबरदुखीसाठी मिळालेल्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल असतं, खोकल्याच्या एखाद्या सिरपमध्ये कोडीन असतं, आणि घेणाऱ्या बाईला त्याचा पत्ताच नसतो. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते वाचा किंवा औषधवाल्याकडून वाचून घ्या. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, त्यामुळे ते चिठ्ठीशिवाय मिळायला नको. तरी ओळखीवर मिळतं, हेही खरं.

हा प्रश्न अमेरिकेचा, फार तर पंजाबचा. महाराष्ट्रात कशाला त्याची चर्चा?

२०१९ साली एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल आला. देशातले २.०६ टक्के लोक ओपिऑइड घेतात आणि सुमारे ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असा त्यातला अंदाज. या ७७ लाखांपैकी निम्म्याहून जास्त लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्या बरोबरीने महाराष्ट्राचंही नाव आहे. टक्केवारीत आपण पुढे नाही, पण लोकसंख्या मोठी असल्याने माणसांचा आकडा मोठा होतो.

शिवाय अफू आपल्या घरांना नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना शांत झोपवण्यासाठी अफूची बाळगोळी देत. १९८०च्या दशकात गर्द आला. आता गोळ्या आहेत. बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप कमी दिसतं, पण बायका व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत पोचतच नाहीत, हेही त्यामागचं एक कारण आहे. गरोदर बाई तर आणखी लपते.

पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत मी गोळ्या घेत होते. मेंदू तेव्हाच बनत होता का?

हो, त्याची पहिली बांधणी तेव्हाच होत होती. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक जाड पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात. त्यातून जी नळी तयार होते ती न्यूरल ट्यूब. डोक्याकडचं तोंड साधारण २५व्या दिवशी बंद होतं, खालचं टोक २७व्या-२८व्या दिवशी. पुढे याच नळीच्या वरच्या भागाचा मेंदू होतो आणि खालच्या भागाचा मज्जारज्जू. वरचं तोंड उघडं राहिलं तर अनेन्सेफली होते; असं बाळ जगू शकत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातली फट. अशा मुलांना पायांची ताकद, लघवी-संडासवरचं नियंत्रण आणि कधी डोक्यात पाणी साचणं असे प्रश्न आयुष्यभर राहू शकतात.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर हा सगळा काळ सहाव्या आठवड्याशी संपतो. पाळी नियमित असलेल्या बाईलाही तोवर जेमतेम दोन आठवडे उशीर झालेला असतो. त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही: रोज ओपिऑइड घेतल्याने पाळीचं नियमन करणारी संप्रेरकं दबतात, पाळी अनियमित होते किंवा थांबते. म्हणून ‘मला तर पाळीच येत नाही, दिवस कसे जातील’ असं वाटतं, पण दिवस जाऊ शकतात. उपचार सुरू झाल्यावर तर पाळी परतायच्या आधीच जाऊ शकतात. अशा बाईला गरोदरपण कळायला दोन-दोन, तीन-तीन महिने लागतात. म्हणून मला ठामपणे वाटतं, की ओपिऑइड घेणाऱ्या प्रत्येक बाईशी दिवस जाण्याच्या आधीच या विषयावर बोललं पाहिजे. पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी बोलणं म्हणजे नळी बंद होऊन गेल्यावर बोलणं.

औषध एवढ्याशा भ्रूणापर्यंत पोचतं कसं? आणि तिथे करतं काय?

ओपिऑइडचे रेणू लहान असतात आणि चरबीत विरघळतात, त्यामुळे ते आईच्या रक्तातून बाळाकडे सहज जातात. वार पूर्ण तयार व्हायच्या आधीही जातात, नंतरही जातात. मोठ्या माणसाच्या मेंदूभोवती रक्तातले पदार्थ गाळणारा जो पडदा असतो तो गर्भात अजून कच्चा असतो, म्हणून मेंदूत शिरणंही सोपं.

आता ते करतं काय, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९७३ साली मेंदूत ओपिऑइडसाठी खास ग्राहक रेणू, म्हणजे रिसेप्टर, असल्याचं सापडलं. अफूच्या झाडासाठी माणसाच्या मेंदूत जागा राखीव असण्याचं काय कारण? उत्तर दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला मिळालं. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच तयार करत असलेली ओपिऑइडसारखी द्रव्यं, एन्केफॅलिन, वेगळी काढली. ती वेदना कमी करतात, हे सगळ्यांना माहीत झालं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की वाढत्या मेंदूत ही द्रव्यं पेशींची वाढही आवरतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात इयन झागॉन यांच्या गटाने १९८३ साली दाखवलं, की उंदराच्या पिल्लांना ओपिऑइडचे रिसेप्टर अडवणारं औषध सतत दिलं तर मेंदू नेहमीपेक्षा मोठा होतो आणि त्यात पेशी जास्त भरतात. म्हणजे शरीरातली ही व्यवस्था वाढत्या मेंदूचा ब्रेक आहे. पेशींनी केव्हा विभागायचं, केव्हा थांबायचं, कुठे सरकायचं, यात तिचा हात असतो.

बाहेरून आलेलं मॉर्फिन किंवा हेरॉइन तोच ब्रेक दाबतं, पण अवेळी आणि प्रमाणाबाहेर. प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत याचे वेगवेगळे परिणाम दिसले आहेत. चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशी कमी विभागतात. तयार झालेल्या चेतापेशींना कमी फांद्या फुटतात. काही पेशी वेळेआधीच मरतात. चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणाऱ्या पेशींवरही हे रिसेप्टर असतात आणि उंदरांत त्या वेष्टनाचं वेळापत्रक बदलल्याचं दिसलं आहे. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशींवरही परिणाम होतो.

दुसरा रस्ता आईच्या शरीरातून जातो. जास्त डोस झाला की आईचा श्वास मंदावतो आणि बाळाचा ऑक्सिजन कमी होतो. डोस उतरला की तिला टर्की येते, म्हणजे सवयीचं औषध न मिळाल्याने होणारा त्रास सुरू होतो, रक्तदाब आणि ठोके वाढतात, गर्भाशय आवळतं. गर्द ओढणाऱ्या बाईच्या बाळाला हा चढ-उतार दिवसातून अनेकदा सोसावा लागतो.

मग ओपिऑइडमुळे स्पायना बिफिडा होतो, हे सिद्ध झालं आहे?

शंका घ्यायला सबळ कारणं आहेत. सिद्ध झालं आहे, असं म्हणता येत नाही.

१९७५ साली गरोदर हॅमस्टरांना (उंदरासारखे छोटे प्राणी) ओपिऑइडचे मोठे डोस टोचल्यावर पिल्लांत मेंदू उघडा राहण्याचे दोष दिसले. माणसांत असं काही होतं का, यावर पुढे बरीच वर्षं शांतता होती. २०११ साली अमेरिकेतल्या जन्मदोषांच्या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात, गर्भधारणेच्या सुमाराला डॉक्टरांनी दिलेली कोडीन, हायड्रोकोडोन यांसारखी औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत स्पायना बिफिडा आणि हृदयाचे काही दोष जास्त आढळले. २०१३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या गटाने फक्त न्यूरल ट्यूबच्या दोषांकडे पाहिलं आणि धोका सुमारे दुप्पट होतो असं सांगितलं.

‘दुप्पट’ हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो. पण कशाच्या दुप्पट, ते बघा. त्याच गटाच्या हिशेबाने दुप्पट झाल्यावरचा धोका दर १०,000 जन्मांमागे ५.९ एवढा होता. म्हणजे ओपिऑइड घेतलेल्या १०,000 आयांपैकी ९,९९० हून जास्त जणींच्या बाळांना हा दोष नव्हता. तुलनेसाठी फिटचं व्हॅल्प्रोएट हे औषध घ्या: त्यात न्यूरल ट्यूबच्या दोषाचा धोका दर १०० मागे एक ते दोन इतका आहे, आणि तो निर्विवाद आहे.

२०१५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे सगळं तपासलं आणि ठोस शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं जाहीर केलं. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लाखो गरोदरपणांच्या नोंदींचा अभ्यास आला. पहिल्या तीन महिन्यांत चिठ्ठीवर ओपिऑइड घेतलेल्यांत बहुतेक जन्मदोषांचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही; ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका मात्र थोडा वाढलेला होता.

हे सगळे अभ्यास मुख्यतः डॉक्टरांनी दिलेल्या, मोजून घेतलेल्या गोळ्यांचे आहेत. रस्त्यावरच्या गर्दमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे हे आकडे गर्दला जसेच्या तसे लावता येत नाहीत. माझं मत विचाराल तर: गोळी घेतली म्हणून गर्भपाताचा निर्णय घेण्याइतका हा धोका मोठा नाही, आणि किरकोळ पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू ठेवण्याइतका क्षुल्लकही नाही.

फॉलिक अ‍ॅसिडने हे टळतं का?

फॉलिक अ‍ॅसिडमुळे न्यूरल ट्यूबचे दोष एकूणच खूप कमी होतात. भारतात हे दोष दर १,००० जन्मांमागे साधारण ४ ते ५ आढळतात, पाश्चात्त्य देशांच्या कितीतरी पट जास्त. म्हणजे आपल्याकडे ओपिऑइडआधीच मूळ धोका मोठा आहे आणि तो कमी करायचं साधन स्वस्त आहे. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यावं. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टर ४-५ मिलिग्रॅमची मोठी गोळी देतात. ओपिऑइड घेत असाल तर किती घ्यायचं ते विचारा.

पाचव्या महिन्याच्या सुमाराची, १८ ते २० आठवड्यांतली अ‍ॅनॉमली सोनोग्राफी चुकवू नका. मेंदू आणि कणा त्यात नीट तपासला जातो.

पहिले तीन महिने पार पडले. आता काळजी मिटली ना?

नळीची काळजी मिटली, मेंदूची नाही. बाह्यकातील, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, बहुतेक चेतापेशी गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात जन्मतात. त्यानंतर त्या आपापल्या जागी सरकतात, एकमेकींशी जोडल्या जातात, आणि मायलिनचं काम तर जन्मानंतरही वर्षानुवर्षं चालतं.

या नंतरच्या काळातल्या परिणामाचा एक साधा मापदंड म्हणजे डोक्याचा घेर. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आईच्या पोटात ओपिऑइड मिळालेल्या आणि जन्मानंतर त्याची टर्की आलेल्या बाळांच्या डोक्याचा घेर इतर बाळांपेक्षा सरासरी जवळजवळ एक सेंटिमीटरने कमी होता. अलीकडे जन्मानंतर काही आठवड्यांत केलेल्या एमआरआयमध्येही अशा बाळांच्या मेंदूचं आकारमान थोडं कमी दिसलं आहे. अशा आयांपैकी खूप जणी सिगारेटही ओढतात, कित्येकींना पुरेसं खायला मिळत नाही, आणि तंबाखूने डोक्याचा घेर कमी होतो हे स्वतंत्रपणे माहीत आहे. संशोधक या गोष्टी हिशेबातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण त्या पूर्ण वजा होत नाहीत. आपल्याकडे मशेरी आणि तंबाखू लावणाऱ्या बायकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ओपिऑइडवर उपचार चालू असताना तंबाखू थांबवणं हाही बाळाच्या मेंदूवरचा उपचार आहे.

सून म्हणते डॉक्टर बंद करू नका म्हणाले. असं कसं? बाळासाठी एका झटक्यात सोडलेलं बरं नाही का?

तुमची काळजी समजते, पण डॉक्टर बरोबर आहेत. अचानक थांबवल्यावर आईला जी टर्की येते त्यात उलट्या, जुलाब, घाम, पोटात कळा, धडधड हे सगळं असतं, आणि पोटातल्या बाळालाही त्याच वेळी टर्की येते. आईचं शरीर कोरडं पडतं, गर्भाशय आवळतं, बाळावर ताण येतो.

त्याहून मोठा धोका पुढचा आहे. निश्चयाने सोडलेलं व्यसन गरोदरपणात टिकत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. केवळ औषध उतरवण्याचा उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी परत वळतात. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. जुनाच डोस आता जास्त ठरतो आणि श्वास बंद पडतो. आई गेली तर बाळाच्या मज्जासंस्थेचा प्रश्नच उरत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली आणि अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सांगितलं, की गरोदर बाईला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर ठेवावं.

श्वास मंदावलेली, ओठ निळे पडलेली, हाक मारून न उठणारी बाई दिसली तर १०८ ला फोन करा. नॅलोक्सोन हे उतारा औषध गरोदर बाईलाही द्यायचं असतं. अशा वेळी बाळाचा विचार करून थांबायचं नाही.

पण मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन हीही ओपिऑइडच. एक व्यसन सोडून दुसरं कशाला?

ओपिऑइडच आहेत, हे खरं. फरक असा, की ती रोज ठरल्या वेळी, मोजून, शुद्ध स्वरूपात मिळतात आणि रक्तातली पातळी दिवसभर साधारण एकसारखी ठेवतात. नशेचा झटका नाही, टर्की नाही, पैशासाठी वणवण नाही, सुई नाही. बाळाचा चढ-उतार थांबतो. सुई थांबल्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा धोकाही उतरतो, पण दोन्हींची तपासणी करून घ्यावीच.

दोन्हींतलं कुठलं? २०१० साली ‘मदर’ नावाच्या चाचणीत गरोदर बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिलं गेलं. ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या आयांच्या बाळांना टर्कीसाठी मॉर्फिन ८९ टक्के कमी लागलं आणि त्यांना सरासरी १० दिवस रुग्णालयात राहावं लागलं. मेथाडोनच्या गटात १७.५ दिवस. मात्र मेथाडोनच्या गटातल्या कमी बायका उपचार अर्ध्यात सोडून गेल्या. म्हणून मेथाडोनवर नीट बसलेल्या बाईला केवळ बाळासाठी औषध बदलायला लावू नये. जी टिकून राहील ती गोळी चांगली.

शेवटच्या तिमाहीत शरीर औषध लवकर संपवतं, त्यामुळे मेथाडोनचा डोस वाढवावा किंवा दोन वेळांत विभागावा लागतो. डोस वाढला म्हणजे व्यसन वाढलं असं घरच्यांनी समजू नये. डोस कमी ठेवला म्हणून बाळाची टर्की सौम्य होईल, असंही नाही.

बाळंतपणात किंवा सिझेरियनला भूल देताना फेंटॅनिल देतात. त्याने मेंदूला काही होतं का?

नाही. एकदा-दोनदा, देखरेखीखाली दिलेल्या औषधाचा आणि महिनोन्‌महिने रोज घेतलेल्या ओपिऑइडचा इथे संबंध जोडू नका. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्या बाईलाही वेदनाशामक मिळालंच पाहिजे, कदाचित इतरांपेक्षा जास्त लागेल. ‘हिला आधीच नशा आहे’ म्हणून तिला कळांत तडफडत ठेवणं हा अन्याय आहे.

बाळ व्यसनी जन्माला येईल का?

बाळाला व्यसनी म्हणू नका. व्यसनात ओढ असते आणि बाळाला कसलीही ओढ नसते. त्याच्या शरीराला नाळेतून येणाऱ्या औषधाची सवय झालेली असते, नाळ कापली की ते एकदम बंद होतं आणि टर्की येते. गर्द असेल तर बहुधा २४ तासांत, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन असेल तर दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणून अशा बाळाला निदान चार ते सात दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवतात. पहिल्या दिवशी शांत आहे म्हणून डिस्चार्जचा आग्रह धरू नका.

लक्षणं अशी: चिरका, न थांबणारा आवाज, हातापायांचा थरथराट, झोप न लागणं, सारखी शिंक आणि जांभई, दूध नीट न ओढणं, उलटी, पातळ शी. थोड्या बाळांना फिट येते. फिलाडेल्फियाच्या लॉरेटा फिनेगन यांनी १९७५ मध्ये या लक्षणांना गुण द्यायची पद्धत बसवली आणि जगभर ती वापरली गेली. तिच्यात गुण वाढले की औषध, असा क्रम असे. नंतर येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी साधे तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली: बाळ पितं का, झोपतं का, जवळ घेतल्यावर शांत होतं का? होत असेल तर औषध नको. अंधारी खोली, कमी आवाज, आईच्या छातीशी उघडं अंग, घट्ट दुपटं आणि थोडं थोडं दूध पुरतं. २०२३ साली अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांतल्या चाचणीत या पद्धतीने बाळं घरी जायला सरासरी ८.२ दिवसांत तयार झाली, जुन्या पद्धतीने १४.९ दिवस लागले. या उपचारात आईच मुख्य औषध आहे. तिला बाळापासून तोडून बाळ एनआयसीयूत एकटं ठेवलं, तर तेच औषध काढून घेतल्यासारखं होतं.

ज्यांना खरंच लागतं त्या बाळांना तोंडावाटे मॉर्फिन देऊन हळूहळू उतरवतात. एक धोक्याची सूचना प्रसूतिगृहातल्या नर्सताईंसाठी: रोज ओपिऑइड घेणाऱ्या आईच्या बाळाला जन्मतः नॅलोक्सोन देऊ नये, फिट येऊ शकते. म्हणूनच आईने खरं सांगणं आणि तिला खरं सांगता येईल असं वागणं, दोन्ही महत्त्वाचं.

अंगावर पाजावं का?

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर असाल तर हो, जरूर. दुधातून फार थोडं औषध जातं आणि पाजलेल्या बाळांची टर्की सौम्य होते. गर्द किंवा रस्त्यावरचं काही चालू असेल तर नाही. एचआयव्ही असेल तर डॉक्टरांशी वेगळं बोला. कोडीन आणि ट्रॅमाडॉल पाजणाऱ्या आईने घेऊ नये. काही बायकांच्या शरीरात त्यांचं फार वेगाने तीव्र रूपांतर होतं आणि बाळाचा श्वास मंदावतो.

डिंकाच्या लाडवात खसखस असते. तीही अफूचीच ना?

झाड तेच, पण बी वेगळं. बियांवर चिकाचा अगदी अंश लागलेला असू शकतो. स्वयंपाकातल्या खसखशीचा गर्भाच्या मेंदूशी संबंध जोडावा असं काही नाही. लाडू खा. लघवीची तपासणी व्हायची असेल तर मात्र आधी सांगा, कारण खसखशीने ती कधी कधी पॉझिटिव्ह येते.

मूल पुढे शाळेत मागे पडेल का?

गटागटाची सरासरी काढली तर अशी मुलं थोडी मागे दिसतात: भाषा, लक्ष एकाग्र करणं, हालचालींतला नेमकेपणा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये जन्मतः टर्की आलेल्या मुलांचे शालेय परीक्षांतले गुण इतरांपेक्षा कमी होते आणि वय वाढेल तसं अंतर वाढत गेलं.

पण हे पोटातल्या औषधामुळे की घरातल्या परिस्थितीमुळे? जेरुसलेममध्ये आशेर ऑर्नॉय यांनी हेरॉइन घेणाऱ्या आयांच्या मुलांचे दोन गट पाहिले. आई-वडिलांच्या विस्कटलेल्या घरात वाढलेली मुलं मागे पडली. लहानपणीच दत्तक गेलेली मुलं मात्र बौद्धिक विकासात इतर मुलांच्या जवळपास होती. यावरून ‘मूल आईपासून काढून घ्या’ असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. मला त्यातून उलटं दिसतं: घर सावरलं तर मेंदूला सावरायला वाव आहे, आणि आईचा उपचार हा घर सावरण्याचा पहिला भाग आहे.

डॉक्टरांना सांगितलं तर पोलिस केस होईल? बाळ काढून घेतील?

ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे बायका नाव नोंदवायलाच जात नाहीत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०१४ साली गरोदरपणात अमली पदार्थ घेणाऱ्या आईवर गुन्हा दाखल करायचा कायदा केला. बायका तपासणीला यायला घाबरू लागल्या, आणि २०१६ मध्ये तो कायदा मुदत संपल्यावर पुढे चालवला गेला नाही.

भारतात अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचं कलम ६४अ, अल्प प्रमाण बाळगलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर तिला खटल्यापासून संरक्षण देतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित आजार येतात. त्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. त्याच कायद्यात असंही आहे, की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. ही तरतूद कित्येक रुग्णालयांतल्या लोकांनाही माहीत नसते, तेव्हा गरज पडली तर दाखवा.

मग जायचं कुठे?

सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग एका आवारात असतात. गरोदर बाईला दोन्ही लागतात, म्हणून तिथून सुरुवात सोयीची. सुई घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण संस्थेच्या केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिन मिळतं. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. गरोदरपण असल्याचं आधीच सांगून विचारा.

गेल्यावर चार गोष्टी सांगा: काय घेता, किती, दिवसातून कितीदा, आणि शेवटचं केव्हा घेतलं. शेवटची वेळ विशेष महत्त्वाची, कारण ब्युप्रेनॉर्फिन फार लवकर दिलं तर टर्की एकदम उसळते. गोळ्यांची पाकिटं असतील तर बरोबर न्या.

बाळ घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं?

उताणं झोपवा, शक्यतो आईच्याच खोलीत पण वेगळ्या पाळण्यात. या बाळांत झोपेत अचानक मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि घरातल्या विडी-सिगारेटने तो आणखी वाढतो. चिडचिड आणि झोपेची कटकट काही महिने राहू शकते. दर भेटीला वजनाबरोबर डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या. डोळे तपासून घ्या: तिरळेपणा आणि बुबुळं सतत हलणं या मुलांत जास्त आढळतं. मान धरणं, बसणं, पहिले शब्द उशिरा होत असतील तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विकासाची तपासणी, फिजिओथेरपी आणि वाचाउपचार मोफत मिळतात. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडे चिठ्ठी मागा, ते तिथे पाठवतात.